पहिलं अंडं आणि बिघडलेली लेन्स

६ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. लेन्स बिघडलेली आहे आणि ते सर्वांत आधी मी ओळखलं, हे पुढे कुणी नाकारायला नको.

लांब पल्ल्याची नवी लेन्स आज कॅमेऱ्यावर चढवली. बागेतल्या कोंबडीवर रोखली. ऑटोफोकसने टिक केलं, हिरवा ठिपका पेटला. म्हणजे फोकस झाला, असं कॅमेऱ्याचं म्हणणं. फोटो पाहिला तर कोंबडी धुक्यात. बाहेर धुकं नव्हतं. बाउक्येला दाखवला. म्हणाली, छान आलीय की, पिसं न् पिसं दिसतंय. माझ्या बायकोला पडद्याचं कापड कळतं, केक कळतो. शार्पनेस मात्र तिच्या घराण्यात कुणालाच कळलेला नाही.

घराण्यावरून आठवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर हिल्केचं घर दिसतं. हिल्के म्हणजे बाउक्येचा भाऊ, माझा मेहुणा. त्याच्या दर्शनी भिंतीवर, पार वर टोकाला, गावाची लाकडी टिटवी टांगली आहे. वसंतातलं टिटवीचं पहिलं अंडं गावात ज्याला दिसेल त्याच्या घरावर ती वर्षभर राहते. माझ्या आजोबांच्या घरावर होती. वडिलांच्या होती. माझ्या घरावर एकदाही नाही, आणि हिल्केकडे लागोपाठ चार वर्षं. रोज भांडी विसळताना तिच्याकडे बघावं लागतं. यंदा ती इकडे येणार. ठरलं.

७ फेब्रुवारी
पूर्वी अंडं टोपीत घालून आणायचे. आता कायद्याने हात लावायचा नाही, म्हणून आमच्या गावाचा नवा नियम. पायवाट सोडायची नाही, टिटवी आणि अंडं एकाच फोटोत पाहिजे, आणि तो फोटो डौवेला पाठवायचा. डौवे टिटवी मंडळाचा अध्यक्ष. शिवाय हिल्केचा पत्त्यातला भिडू, म्हणजे न्याय कसा होतो ते आलंच.

हिल्के फोटो काढतो फोनवर. लांब काठी रोवून चरांवरून उड्या मारत पायवाटेपायवाटेने हिंडतो, या वयात. एकदा काठी मधोमध उभी राहिली आणि हा वर लटकलेला. ते बघायला अख्खं गाव होतं आणि माझ्याकडे कॅमेरा नव्हता. त्या दिवसाची हळहळ अजून जात नाही.

टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. आमच्याकडे समुद्र आमच्या पाणी खात्याने आटवला, टिटवी मागाहून आली. त्या खात्यात मी सगळी नोकरी पाण्याची पातळी डोळ्यांनी वाचण्यात घालवली. मिलिमीटरचा फरक मला बांधावरून दिसायचा. या डोळ्यांना लेन्सने फसवावं?

१० फेब्रुवारी
शास्त्रशुद्ध चाचणी. शेडच्या दारावर अक्षरांचा तक्ता चिकटवला, कॅमेरा तिकाटण्यावर, अंतर टेप लावून मोजलेलं. फोटोत वरच्या दोन ओळी ठीक, खाली नुसत्या मुंग्या. बाउक्ये स्वयंपाकघराच्या दारातून, हातात टॉवेल, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत सुटली. मग फोटोवरूनही वाचला. तक्ता चिकटवायला तीच आली होती. पाठ केला असणार. काही लोकांना पुढे पुढे करायची सवय असते.

१२ फेब्रुवारी
जुनी लेन्स लावून पाहिली. तिचेही फोटो मऊ, कडा विरघळलेल्या. म्हणजे दोन्ही लेन्स एकाच महिन्यात गेल्या. दुर्बीण काढली, तिच्यातही तेच. कपाटात दमट असणार. बाउक्येला कपाटाबद्दल सुनावलं.

टीव्हीवर खालून सरकणारी अक्षरंही हल्ली नीट छापत नाहीत. एकूण दर्जाच घसरलाय.

१६ फेब्रुवारी
शहरात, लेवार्डनला गेलो, इप्माच्या दुकानात. कॅमेरा त्याच्याकडूनच घेतलेला. त्याने माझे फोटो मोठ्या स्क्रीनवर लावले, पुढे वाकला, मागे झाला. म्हणाला, यात मला तर काही खोट दिसत नाही. मी म्हटलं, दिसत नाही हीच तर खोट आहे. मग अगदी मऊ आवाजात विचारतो, साहेब, डोळे शेवटचे कधी तपासलेत? स्वतःला नाचता येईना आणि गिऱ्हाइकाचं अंगण वाकडं. लेन्स दुरुस्त करता येत नसेल तर सरळ सांगावं, गिऱ्हाईक कशाला दुरुस्त करायला निघता. लेन्स कंपनीकडे पाठवायला लावली.

२७ फेब्रुवारी
लेन्स परत. सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही, पुसून दिली आहे. म्हणजे पुसली फक्त. मोठमोठ्या यंत्रांनी तपासली म्हणे. यंत्रांनीच तपासली ना? माणसाने बघितली असती तर कळलं असतं.

कोंबडीचा पुन्हा फोटो. पुन्हा धुकं. कोंबडी आता मला बघून पळते.

४ मार्च
संध्याकाळी डौवेकडून गाडीने परत. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती मोठी मोठी कडी दिसतात. आजकाल काय दिवे बसवतात देव जाणे. वळणावरची पाटीही फिकट झालीय, नगरपालिका रंग द्यायला तयार नाही. चरात जाता जाता राहिलो. बाउक्ये शेजारी दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, विब्रेन, जूनमध्ये तुला पंचाहत्तर होतात, लायसन्ससाठी डोळे दाखवावेच लागतील, मग आत्ताच का नाही दाखवत? मी म्हटलं, अंड्याचं होऊ दे. ती म्हणाली, अंडं दिसायला डोळेच लागतात ना. बहीण कुणाची, ते बोलण्यावरून कळतं.

११ मार्च, सकाळी
सापडलं.

कालव्याच्या पायवाटेवरून डौवेचं रान दिसतं, गेल्या साली जिथे बटाटे होते ते. थंडी मरणाची. टिटवी उडाली, आकाशात दोन कोलांट्या घेतल्या, पुन्हा तिथेच उतरली. शेंडी ताठ. आणि तिच्या पायाशी, उघड्या मातीत, अंडं. तपकिरी, लांबट, वर ठिपके. मी पोटावर झोपलो. लेन्स रोखली. टिक. हिरवा ठिपका. एक फोटो.

वडिलांची आठवण आली. ते टोपी काढून उभे राहायचे. मी आडवा होतो, तरी टोपी काढली.

११ मार्च, दुपारी
कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो पाहिला. मऊ. अंडं म्हणजे नुसता तपकिरी डाग. हे डौवेला पाठवायचं आणि हिल्केने दोन बोटांनी मोठं करून खिदळायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. फोटो पुसून टाकला. कार्ड रागाने काढून खिशात कोंबलं. दुसरं कार्ड घालेपर्यंत गारा सुरू झाल्या आणि टिटवी गेली.

हरकत नाही. अंडं कुठे पळून जात नाही. उद्या सकाळी स्वच्छ उजेडात, शार्प फोटो. माझ्या नावावर धूसर काही जाणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

बाउक्येला सांगितलं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, मग पाठवलास का? मी तत्त्व समजावलं. तिने हात काढले.

१२ मार्च
हिल्केला अंडं सापडलं. पहाटे, स्वतःच्या गोठ्यामागच्या कुरणात, पायवाटेला लागूनच. चपला घालून गेला म्हणे. फोनवर फोटो, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा. डौवेने पाच मिनिटांत मान्य केला. आयत्या बिळावर नागोबा, तोही चपला घालून.

मी कालच्या रानाकडे गेलो. डौवेने ट्रॅक्टर फिरवून सगळं नांगरून ठेवलंय. अंडं गेलं.

१३ मार्च
टिटवी उतरवली, पुसली, पुन्हा हिल्केच्याच भिंतीवर चढवली. पाचवं वर्ष. शिडी धरायला मला बोलावलं. धरली. नंतर कॅफेत सगळ्यांना कडू दारूचे छोटे पेले. मी उभा राहून सांगितलं की पहिलं अंडं एक दिवस आधी मला सापडलं होतं. हिल्के म्हणाला, दाखव. मी म्हटलं, पुसलं. तो म्हणाला, का रे बाबा? मी म्हटलं, मऊ होतं. मग जे हसले ते पेले खाली ठेवून हसले. हिल्के माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, विब्रेन, खरंच सांगतो, डोळे दाखव. उचलली जीभ लावली टाळ्याला.

वाईट वाटलं. हसण्याचं नाही एवढं, वडिलांचं.

१४ मार्च
आता स्वतःच दुरुस्त करणार. कॅमेऱ्याच्या मेनूत पार आत एक सोय आहे. लेन्सचा फोकस थोडा पुढे किंवा मागे सरकवून ठेवता येतो. पुढे सरकवला, फरक नाही. मागे सरकवला, फरक नाही. पार शेवटच्या टोकापर्यंत मागे नेला. तिथे कोंबडी बरीच बरी वाटली. निदान वाईट तरी नाही. तसाच ठेवला.

जे कंपनीला जमलं नाही ते मी जेवणाआधी केलं.

१९ मार्च
पुसलेला फोटो परत आणता येतो! इप्मा म्हणाला, कार्डावर त्यानंतर काही काढलं नसेल तर येईल. काढलेलं नाही, कार्ड कोटाच्या खिशात तसंच होतं. रागाचेही फायदे असतात.

त्याने कार्ड लावलं, फोटो आला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तुम्हाला नक्की हाच हवाय? मी म्हटलं, हाच. तो म्हणाला, हा तुम्ही कुणाला दाखवणार आहात का? मी म्हटलं, अख्ख्या गावाला. त्याने पैसे घेतले नाहीत. माणूस भारावला होता.

२१ मार्च
फोटो घरी कॉम्प्युटरवर पाहिला. मऊच आहे, पण अंडं ते अंडं. तारीख आणि वेळ फोटोतच नोंदलेली असते, अकरा मार्च. हिल्के बारा. मंडळाला टिटवी उतरवावीच लागेल.

अठ्ठावीसला बाउक्येचा वाढदिवस. सगळे इथेच येणार. तिथेच टीव्हीवर लावणार. बाउक्ये म्हणाली, आधी मला दाखव. मी नाही म्हटलं. भावाला सांगून मोकळी होईल. ती म्हणाली, विब्रेन, माझा वाढदिवस आहे तो. मी म्हटलं, त्याहून चांगली भेट तुला कुणी देणार आहे का? ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. आनंदाने असं होतं कधी कधी.

शिडीला तेल दिलं. आमच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला.

२८ मार्च
नीट लिहितो. घाई करत नाही.

रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या. आलेला प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो, बायकोबद्दल अभिनंदन, बहिणीबद्दल अभिनंदन, भाचीबद्दल अभिनंदन. कॉफी, आणि गुलाबी आयसिंगच्या केकचा प्रत्येकी एक तुकडा. डौवे होता, हिल्के होता, मंडळातले बाकीचे, आणि बाउक्येची यित्स्के मावशी, जी नव्वदी ओलांडूनही कुणाला ऐकत नाही.

मी उभा राहिलो. नियम वाचून दाखवला. तारीख सांगितली. टीव्ही लावला.

सगळ्यांचे चमचे जिथल्या तिथे थांबले. मला वाटलं, बसला धक्का. हिल्के खाली बघत होता. मला वाटलं, शरमला.

मग यित्स्के मावशी म्हणाली, बटाटा आहे.

मी म्हटलं, मावशी, ते अंडं आहे. ती म्हणाली, मी जन्मभर बटाटे सोललेत, मला सांगू नकोस. डौवे उठून टीव्हीजवळ गेला. म्हणाला, माझाच आहे, काढणीत राहिलेला. कोंब फुटलेत बघा. हिल्के म्हणाला, बिंत्ये जातीचा. डौवे म्हणाला, छट्, बिंत्ये इतका लांबट नसतो. यावर दोघांची जी जुंपली ती कॉफीच्या दुसऱ्या कपापर्यंत. एकालाही माझी आठवण नाही. मध्येच कुणीतरी म्हणालं, फोटो मात्र झकास शार्प आलाय, बटाट्याचा डोळा न् डोळा मोजून घ्या. टिटवीसुद्धा किती स्पष्ट, बटाट्याकडे बघतेय बिचारी.

मी म्हटलं, टीव्हीत काहीतरी बिघाड आहे.

यावर कुणीच हसलं नाही. बाउक्ये उठली आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. आमच्यात दुसरा तुकडा कुणी कुणाला देत नसतं. तिने तिच्या आईच्या आजारपणात वडिलांना दिला होता, तेवढाच. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

२९ मार्च
रात्रभर विचार केला. हिल्केने फोटो बदलला असणार. कसा, ते शोधायचंय.

४ एप्रिल
बाउक्येने गाडी चालवली. मी सीट धरून बसलो, ती फार जोरात चालवते.

डोळ्यांची डॉक्टरीण. तक्ता दाखवला, छपाई फिकट होती. मग मशीन लावून म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलाय, इतके दिवस कसं चालवलंत? बाउक्ये म्हणाली, माझ्या अंगावर काढून. म्हणजे काय ते डॉक्टरणीला बरोबर कळलं, दोघी हसल्या. मोतीबिंदू म्हणजे काय विचारलं तर म्हणते, तुमच्या डोळ्यातली लेन्स गढूळ झालीय, ती काढून नवी बसवायची.

म्हणजे लेन्सच बिघडलीय. मी फेब्रुवारीपासून वेगळं काय सांगतोय? कुठली लेन्स, हा तपशिलाचा भाग झाला.

२४ मे
दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाली.

आकाश निळं आहे. आधीही असेल. पण मी त्याला करडं धरून चाललो होतो. थोडा वेळ बागेत नुसता उभा राहिलो. कोंबड्यांची पिसं न् पिसं दिसतात.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिल्केची टिटवी पाहिली. तिला शेंडी नाहीच, तुटलीय. रंग उडालाय. चोच एका बाजूला. पाच वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते लांबून आमच्या कोंबडीसारखं दिसतं. माझ्या आजोबांच्या वेळी बरी असेल. तरीही हवी होती.

२६ मे
जुने फोटो काढून बसलो. सगळे शार्प. हजारो. प्रत्येक फोटोत पक्षी पाठमोरा, बरोब्बर मध्यभागी, क्षितिज कललेलं. हे मी शार्पनेसच्या नादात कधी बघितलंच नव्हतं. तक्त्याचा फोटोही निघाला, शेवटची ओळ छापल्यासारखी. बाउक्येने पाठ केला नव्हता.

मग अकरा मार्चचा फोटो. बटाटा. यात वाद नाही. पण टिटवीच्या मागे, जरा धूसर, आणखी एक तपकिरी गोळा दिसतो. लांबट. बाउक्येला हाक मारली. तिने चष्मा लावला, नीट पाहिलं, आणि म्हणाली, तो दुसरा बटाटा.

१ जून
सकाळी बाहेर शिडीचा आवाज. हिल्के आणि डौवे आमच्या भिंतीवर चढलेले. मी ठोकलेल्या खिळ्याला त्यांनी लाकडी बटाटा टांगला. हिल्केने स्वतः कोरलाय. ओक लाकूड, तीन थर वार्निश, प्रत्येक डोळा खोदलेला, दोन कोंबसुद्धा. मंडळाने ठराव केलाय म्हणे, हा फिरता नाही, कायमचा.

खाली गर्दी. यित्स्के मावशीला खुर्ची. मी काय करणार, शिडी धरली.

एवढं सांगतो की काम देखणं आहे. हिल्केची टिटवी त्याच्यापुढे काहीच नाही. पण हे त्याला सांगणार नाही.

३ जून
बटाट्याचा फोटो घ्यावा म्हटलं, आठवण म्हणून. मोठी लेन्स लावली. टिक. हिरवा ठिपका. फोटो मऊ. दहा काढले, दहाही मऊ. या वेळी नव्या डोळ्यांनी पाहिले. बाउक्येला दाखवले, म्हणाली, अगंबाई, हे खरंच धूसर आहेत. हिल्केला दाखवले, तोही म्हणाला, धूसर. डौवेलाही मान्य.

लेन्स बिघडलेली आहे. आता सगळं गाव साक्षीला आहे. असा आनंद मला अंडं सापडलं तेव्हाही झाला नव्हता.

५ जून
कॅमेरा, लेन्स सगळं इप्माकडे पाठवलं. सोबत सविस्तर पत्र, फेब्रुवारीपासूनच्या तारखा घालून.

८ जून
इप्माचा फोन. लेन्स उत्तम आहे म्हणाला. मेनूत कुणीतरी फोकस पार शेवटच्या टोकापर्यंत मागे नेऊन ठेवला होता, तो शून्यावर आणला, झालं काम. आणि विचारतो, कोण असेल हो? मी म्हटलं, काय सांगावं, मेहुण्याचं आमच्याकडे सारखं येणंजाणं असतं.

बाउक्ये शेजारीच मटार सोलत होती. तिने शेंगेवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता तिचा चेहरा मला स्वच्छ दिसतो, त्यामुळे तिला बोलावं लागत नाही. ऑपरेशनचा हा तोटा डॉक्टरणीने आधी सांगायला हवा होता.